स्केटिंग येतं, मग बर्फावर पाय का हलेना? ठाण्यातल्या एका मुलाचं प्रकरण

मुलगा पावणेसहा वर्षांचा. उंची ११० सेंटिमीटर, वजन १८ किलो. घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या सोसायटीत राहतो. आई-बाबा दोघंही नोकरीला, घरी आजोबा. माझ्याकडे स्केटिंगला येऊन त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. खरं नाव देत नाही, इथे त्याला चिकू म्हणते.

मी ठाण्यात तीन-चार सोसायट्यांमध्ये लहान मुलांना स्केटिंग शिकवते. स्कीइंगचा बेसिक कोर्स मी स्वतः केलाय, तोही तिशी उलटल्यावर. त्यामुळे बर्फावर आपटणं म्हणजे काय हे मला पुस्तकातून नाही, माकडहाडातून माहीत आहे. हे सगळं सविस्तर लिहून ठेवतेय, कारण या प्रकरणात सगळ्यात जास्त चुकले ते मी आणि चिकूचे बाबा, आणि सगळ्यात कमी चुकला तो चिकू.

पहिली सहल

जानेवारी २०२३ च्या शेवटी हे चौघं गुलमर्गला गेले. मी सोबत नव्हते. त्यामुळे इथलं सगळं आईच्या सांगण्यावरून आणि बाबांच्या फोनमधल्या व्हिडिओंवरून.

त्या वर्षी बर्फ भरपूर होता. गुलमर्ग साधारण २६५० मीटर उंचीवर आहे. खाली तंगमर्गपासूनच गाड्यांच्या चाकांना साखळ्या बांधाव्या लागत होत्या. चिकू वाटेत उतरून बर्फ खाऊन आला, आईचा ओरडा खाऊन आला, एकदम खुशीत. बर्फाची भीती नव्हती हे इथेच नोंदवून ठेवते, कारण नंतर सगळे तेच म्हणत होते.

पहिल्या दिवशी दुपारी त्याला स्लेजवर बसवलं. गुलमर्गला गेलेल्यांना ती लाकडी घसरगाडी माहीत असेल. चढावर स्लेजवाला दोरीने ओढत नेतो आणि उतारावर स्वतःही पुढे बसून सुसाट सोडतो. ब्रेक म्हणजे त्या माणसाच्या टाचा. मोठ्यांना मजा येते. चिकूच्या व्हिडिओत पहिले दोन सेकंद हसू आहे, नंतर तोंड मिटलेलं. तो रडला नाही. न रडणारी मुलं या बाबतीत फसवी असतात. सगळ्यांना वाटलं, आवडलं.

दुसऱ्या दिवशी भाड्याचे बूट, भाड्याच्या स्की, एक स्थानिक इन्स्ट्रक्टर. सपाटीवर चार पावलं टाकली. मग लहान मुलांच्या उतारावर, तोही जेमतेम आपल्या सोसायटीच्या पार्किंग रॅम्पएवढा, इन्स्ट्रक्टरने त्याला उभं केलं आणि काठीच्या टोकाला धरून ओढलं. चिकू मागे रेलला. स्की पुढे पळाल्या, तो पाठीवर. उठवलं, पुन्हा ओढलं, पुन्हा पाठीवर. तिसऱ्यांदा तो बसला तो बसलाच. बाबांचा आवाज व्हिडिओत स्पष्ट आहे: "अरे, तू तर स्केटिंगचा चॅम्पियन ना? हे तर सोप्पंय! एक, दोन, तीन, चल!" हे "एक दोन तीन" पुढच्या तीन दिवसांत मी मोजलं तर अकरा वेळा ऐकू येतं.

पाच दिवसांत तो स्कीवर उभा राहिला तो एकूण वीसेक मिनिटं. बाकी वेळ स्नोमॅन.

माझं पहिलं निदान, आणि ते कसं चुकलं

परत आल्यावर बाबा म्हणाले, "ताई, त्याला बर्फाची भीती बसलीय. काढून द्या. पुढच्या वर्षी पुन्हा जायचंय." मीही मान डोलावली. पडायची भीती, अनोळखी माणूस, थंडी, उंची, अशी नेहमीची यादी मी मनात केली आणि "आत्मविश्वास वाढवायचा" असं वहीत लिहिलं. आता ते वाचलं की हसू येतं. आत्मविश्वास वाढवायचा म्हणजे सोमवारी संध्याकाळी सहा वाजता नेमकं काय करायचं?

कोड्याचा भाग हा होता की कोर्टवर चिकू पूर्वीसारखाच होता. चारचाकी स्केट्सवर वळणं घ्यायचा, एका पायावर जायचा, पडला की उठायचा. पडायची भीती असलेलं मूल असं वागत नाही.

उलगडा झाला मार्चमध्ये, तोही योगायोगाने. आई त्याला सोडायला आली होती, बोलता बोलता म्हणाली, "पहिल्या दिवशी स्की घातल्यावर काय विचारलं माहितीये त्याने? म्हणे, 'ह्याचा ब्रेक कुठेय?' सगळे हसलो आम्ही. तो इन्स्ट्रक्टर म्हणाला, ब्रेक-व्रेक कुछ नहीं होता, डरना नहीं।"

मी खाली बघितलं. समोर चिकू थांबत होता. कसा, तर उजव्या स्केटच्या पुढच्या टोकाचा रबरी स्टॉपर जमिनीला टेकवून. वर्षभर त्याने थांबायचा हा एकच प्रकार केला होता, कारण मी त्याला दुसरा शिकवलाच नव्हता. लहान मुलांना स्टॉपर सोपा पडतो, आईबापांना दोन आठवड्यांत प्रगती दिसते, आणि आपणही पुढे सरकतो.

घरी जाऊन व्हिडिओ पुन्हा पाहिले. ओढल्यावर मागे रेलण्याच्या आधी, अर्धा सेकंद, चिकू उजव्या पायाचा चवडा खाली दाबतोय. स्टॉपर शोधतोय. तो सापडत नाही, आणि मग मागे रेलतो. त्याने विचारलेला प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर कोणी दिलं नाही, म्हणून तो बसून राहिला. माझ्या मते पावणेसहा वर्षांच्या माणसाने घेतलेला तो अत्यंत शहाणा निर्णय होता.

यात एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर "स्केटिंग येतं म्हणजे स्कीइंग येणारच" हा गैरसमज जात नाही. सपाट कोर्टवर स्केटिंगमध्ये तुम्ही ढकललं तर पुढे जाता. काहीच केलं नाही तर हळूहळू थांबता. स्कीइंगमध्ये उलटं. काहीच केलं नाही तर वेग वाढत जातो, कारण उतार थांबत नाही. त्यात भीती वाटली की माणूस मागे रेलतो, लहान मूल तर जास्तच, कारण त्याचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि जड. मागे रेललं की वजन टाचांवर येतं, स्कीच्या पुढच्या भागावरचा दाब जातो आणि ती ऐकेनाशी होते. म्हणजे जे होईल अशी भीती वाटते, तेच भीतीमुळे होतं. हे पोराला "घाबरू नकोस" म्हणून सुटत नाही. नडगी बुटाच्या पुढच्या बाजूला टेकवायला आणि थांबायला शिकवून सुटतं.

आणखी एक सापडलं. तिसऱ्या दिवसाच्या रात्रीचा फोटो होता: हॉटेलच्या पलंगावर चिकू झोपलाय, पाय पांघरुणाबाहेर, दोन्ही नडग्यांवर लाल वळ. आईला विचारलं. थंडी म्हणून दोन जोड लोकरी मोजे घातले होते, शिवाय थर्मल पॅन्टचा काठ बुटात खोचलेला. स्कीचा बूट कडक प्लॅस्टिकचा असतो. आत एक सुरकुती राहिली तरी ती नडगीत रुतते. म्हणजे पुढे टेकलं की दुखायचं आणि मागे रेललं की आपटायचं. आणि दोन मोज्यांनी पाय गरमही राहत नाहीत. बूट घट्ट होतो, रक्त नीट फिरत नाही, बोटं आणखी गार पडतात. मोजा एकच, गुडघ्यापर्यंतचा, सुरकुती नसलेला. थर्मल वर ओढून बुटाच्या बाहेर. दुकानात हे कोणी सांगितलं नव्हतं. गर्दीत सांगत नाहीत.

एप्रिल: स्टॉपर काढला, आणि पोरगं गेलं

उत्तर सापडल्याच्या आनंदात मी घाई केली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पाना घेऊन त्याच्या दोन्ही स्केट्सचे स्टॉपर काढून टाकले आणि म्हटलं, आजपासून आपण पाय फाकवून थांबायला शिकणार. चिकूने स्केट्सकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि कोर्टच्या कठड्यावर जाऊन बसला. तीन आठवडे. यायचा रोज, स्केट्स घालायचा, बसायचा. मी गुलमर्गच्या त्या माणसाने केलं तेच केलं होतं, फक्त मराठीतून.

त्यातून बाहेर काढलं आजोबांनी. ते बाकावर बसून सगळं बघत असत. एक दिवस म्हणाले, "एक स्टॉपर परत लावा की. सायकलला पण मागचा ब्रेक गेला तर पुढचा असतो." इतकं साधं. उजवा स्टॉपर परत बसवला, डावा काढलेलाच राहिला. चिकू उठला.

मग थांबायचा नवा प्रकार: पाय खांद्यांपेक्षा रुंद, चवडे आत वळवलेले, गुडघे वाकवून टाचा बाहेर दाबायच्या. स्केटिंगवाले याला प्लाऊ स्टॉप म्हणतात, स्कीइंगवाले स्नोप्लाऊ. दोन्हींत आकार तोच, पुढे टोकं जवळ आणि मागे फाकलेलं. इंग्रजी शिकवणारे मुलांना "पिझ्झाचा तुकडा" म्हणतात. चिकूने आकार बघितला आणि म्हणाला, "समोसा." तेव्हापासून समोसा. मोठा समोसा म्हणजे जास्त ब्रेक, छोटा समोसा म्हणजे थोडा. पाय समांतर ठेवून सुटायचं असेल तर "रूळ". १८५३ मध्ये देशातली पहिली प्रवासी आगगाडी ज्या गावाला येऊन थांबली, त्या ठाण्यातल्या पोराला रूळ काय असतात ते शिकवावं लागत नाही.

मेच्या मध्यावर एका सोमवारी तो स्वतःच पाना घेऊन आला. "हा पण काढ." स्क्रू फिरवताना त्याला मी मदत केली नाही. बराच वेळ लागला, स्क्रू दोनदा खाली पडला, घसरत बाकाखाली गेला. शेवटी निघाला. तो स्टॉपर त्याने खिशात ठेवला आणि बरेच दिवस खिशातच होता.

बाबांचं एक वेगळं प्रकरण चालू होतं. ते शनिवारी कोर्टवर यायचे आणि सवयीने "एक दोन तीन" सुरू करायचे. त्यांना गप्प बसा म्हणणं मला जमेना. माणूस प्रेमाने करत होता. म्हणून म्हटलं, तुम्हीही शिका. मोठ्या मापाचे स्केट्स आणले. पहिल्याच शनिवारी ते दोन वेळा सणसणीत पडले. चिकू त्यांच्यासमोर उभा राहून समोसा दाखवत होता: "बाबा, टाचा बाहेर. मागे नको ना झोपू!" त्यानंतर मोजणी बंद झाली. मी काहीही सांगितलं नाही.

पावसाळा आणि प्लायच्या पट्ट्या

जूनपासून कोर्ट बंद. ठाण्यात पावसाळ्यात स्केटिंग म्हणजे स्टिल्ट पार्किंगमध्ये, गाड्यांच्या मधल्या गल्लीत, वॉचमनकाकांच्या नजरेखाली. तिथे जागा नाही. म्हणून वेळ दुसऱ्या कामाला लावला.

कोलशेतच्या एका सुताराकडून १२ एमएम प्लायच्या उरलेल्या तुकड्यातून दोन पट्ट्या कापून घेतल्या. पाऊण मीटर लांब, तीन इंच रुंद, पुढची कड गोल घासलेली. जुन्या दप्तराचे पट्टे वरून ठोकले. हे बांधून घरात चालायचं. ऐकायला हास्यास्पद आहे, पण पाऊण मीटरचे पाय घेऊन वळणं हीच मुलांची पहिली मोठी अडचण असते. एक पट्टी दुसरीवर चढते आणि मूल धाडकन आडवं. चिकू हॉलमध्ये सोफ्याला वळसा घालायला शिकला: टाचा जागेवर ठेवून पुढची टोकं थोडी थोडी सरकवत. मग चवडे बाहेर वळवून बदकासारखी चाल. बर्फावर चढ चढायची हीच पद्धत आहे. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तक्रार केली, तेव्हा पट्ट्यांखाली जुन्या ब्लँकेटचे तुकडे शिवले.

दुसरा प्रयोग गमबुटांचा. गमबूट घालून, नडगी आणि बुटाची पुढची कड यांच्यामध्ये पत्त्यांच्या कॅटातला एक पत्ता उभा खोचायचा. गुडघे वाकवून नडगी पुढे टेकलेली असेल तर पत्ता दाबलेला राहतो. मागे रेललं की फट पडते आणि पत्ता सरकन बुटात जातो. चिकूने चौकटचा गुलाम निवडला. तो किती वेळा बुटात पडला त्याचा हिशेब आजोबांकडे आहे. पण याचा फायदा असा की "पुढे झुक" असं कोणाला सांगावं लागत नाही. "झुक" म्हटलं की मुलं कमरेतून वाकतात, ढुंगण मागे जातं, परिणाम शून्य. पत्ता सांगतो की वाकायचं घोट्यातून.

याच महिन्यांत बाबांनी त्याला प्रेरणा म्हणून आरिफ खानचा व्हिडिओ दाखवला. काश्मीरचा हा स्कीपटू २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता. जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे उतारावर रोवलेल्या खांबांमधून वळत खाली यायच्या शर्यतीत, ४५ वा आला. गुलमर्गच्या उतारांवर घडलेला माणूस, म्हणजे चिकूच्या दृष्टीने ओळखीच्या गावचा. पण चिकूचा चेहरा उतरला. "तो थांबत का नाहीये?" बाबांनी मला फोन केला. मी म्हटलं, शर्यतीचा फक्त शेवट दाखवा. रेषा पार झाल्यावर रेसर स्की आडव्या करतात, बर्फाचा फवारा उडतो आणि उभे राहतात. पुढचा आठवडाभर चिकूने वेगवेगळ्या रेसरचे फक्त ते शेवटचे काही सेकंद बघितले. मधली शर्यत त्याला नकोच होती.

गवताचा उंचवटा

गणपती गेले, पाऊस ओसरला, आणि सोसायटीच्या बागेतला लॉनचा उंचवटा हिरवागार झाला. उंची चार-साडेचार फूट. खाली बरीच सपाटी, म्हणजे घसरणारं काहीही आपोआप थांबतं. नवशिक्यासाठी उतार निवडताना मी आधी हेच बघते. वरची चढण किती आहे यापेक्षा खाली सपाट किती आहे ते महत्त्वाचं.

आधी पुठ्ठ्यावर बसून. टाचा खुपसून थांबायचं. मग उंचवट्यावर तीन लाल रिबिनी खोचल्या: एक तळाजवळ, एक मध्ये, एक वर. नियम एकच: कुठून सुटायचं ते चिकू ठरवणार, आणि रिबिन तोच हलवणार. मी, आई, बाबा, आजोबा, कोणीही नाही. पहिल्या दिवशी त्याने सगळ्यात खालची रिबिन आणखी खाली आणून लावली. तिथून पुठ्ठा हललासुद्धा नाही. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी चहा पीत राहिले.

ती रिबिन वर जायला किती दिवस लागले ते मी लिहून ठेवलंय: दिवाळीपर्यंत मध्यावर, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी शेंड्यावर. मध्ये एकदा, सर्दीतून उठल्यावर, ती पुन्हा तळाला आली आणि चार दिवस तिथेच राहिली. त्याचं कारण मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

प्लायच्या पट्ट्या बांधून त्याच उंचवट्यावर पडायचा आणि उठायचा सराव केला. यावर वेळ घालवावा असं मी सगळ्यांना सांगेन. पडायचं ते बाजूला, कुशीवर, मागे नाही. उठताना आधी दोन्ही पट्ट्या उताराला आडव्या आणि अंगाच्या खालच्या बाजूला आणायच्या. टोकं उताराच्या दिशेने राहिली तर उठता उठता पुन्हा सुटतो. मग हात वरच्या बाजूला टेकून गुडघ्यावर, आणि उभं. चिकूला हे जमायला नऊ-दहा दिवस लागले, पण एकदा जमल्यावर तो मुद्दाम पडू लागला. कमिटीच्या सेक्रेटरींनी लॉनच्या नुकसानाबद्दल एक पत्र दिलं. आजोबांनी उत्तरात स्वतः गवताच्या तीन लाद्या आणून लावल्या.

जानेवारी २०२४ ची तिकिटं काढली होती. त्या जानेवारीत गुलमर्ग कोरडं होतं. नेहमी पांढरे असतात ते उतार फोटोंमध्ये तपकिरी दिसत होते. तिकिटं पुढे ढकलावी लागली. बाबा वैतागले. चिकू म्हणाला, "मग गवतावर करूया." महिन्याच्या अखेरीस बर्फ सुरू झाला आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही गेलो. या वेळी मीही.

दुसरी सहल

इन्स्ट्रक्टरशी आधी फोनवर बोलून ठेवलं होतं. तीन विनंत्या: ओढायचं नाही, ढकलायचं नाही, आणि समोसा जमल्याशिवाय उतारावर न्यायचं नाही. तो हसला: "मैडम, समोसा?" समजावल्यावर म्हणाला, "ठीक है, समोसा ही बोलूँगा." चांगला माणूस निघाला. अंगाला पट्टा बांधून मागून दोरीने धरायची कल्पना त्याने मांडली होती. ती मी नाकारली. दोरीचा आधार मिळाला की मूल तिच्यावर रेलतं, म्हणजे पुन्हा मागे. काही जण ती उत्तम वापरतात. चिकूसाठी नको होती.

बुटांच्या दुकानात अर्धा तास घालवला. पावलाची लांबी घरीच सेंटिमीटरमध्ये मोजून नेली होती, कारण स्कीच्या बुटांचे नंबर त्याच मापात येतात. बूट घालून उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवले की सुटावीत. स्की हनुवटीच्या खाली आणि छातीच्या वर पोचणाऱ्या. बाइंडिंग म्हणजे स्कीवर बूट धरून ठेवणारी पकड. ती वजन सांगून समोर सेट करून घेतली, म्हणजे वेडंवाकडं पडल्यावर स्की सुटून येते आणि पाय पिरगळत नाही. हेल्मेट घरून नेलं होतं. काठ्या घेतल्याच नाहीत. या वयात हात मोकळे असलेले बरे.

पहिला दिवस फक्त बूट. बुटांनी बर्फात चालणं, आणि हो, चौकटचा गुलाम. तो खिशातून निघालेला बघून इन्स्ट्रक्टर चक्रावला. दुपारनंतर एकाच पायात स्की, दुसऱ्या पायाने ढकलत, स्कूटरसारखं.

दुसरा दिवस दोन्ही स्की, सपाटीवर. सकाळी लवकर बर्फ कडक आणि काचेसारखा असतो, म्हणून ऊन चढल्यावर गेलो. चाळीस मिनिटं झाली की बंद, जमत असलं तरी. लाल रिबिनी बर्फात खोचल्या. चिकूने पहिली रिबिन सपाटीपासून दहा पावलांवर लावली. तिथून सुटला, समोसा केला, थांबला. मागे वळून बघितलं नाही. बदकाच्या चालीने परत चढला. पुन्हा. त्या दिवशी तो तेवढ्याच दहा पावलांवरून सोळा वेळा आला.

तिसरा दिवस वाईट गेला. हातमोजे ओले झाले, तो रडला, अकरालाच हॉटेलवर परत.

चौथ्या दिवशी रिबिन बरीच वर गेली. एकदा वेग वाढला. चिकूचं अंग मागे जायला लागलेलं मला खालून दिसलं. बाबांचा हात माझ्या हातावर घट्ट आला, पण तोंड बंद. चिकू कुशीवर पडला. आम्ही कोणी धावलो नाही, आणि हे लिहायला सोपं आहे, करायला नाही. त्याने स्की आडव्या केल्या, खाली आणल्या, हात टेकला, गुडघा, उभा. नाक पुसलं बाहीला. आणि मग जे केलं ते आम्ही कुणी शिकवलं नव्हतं: खालपर्यंत येता येता तो मध्येच, कोणी सांगितलं नसताना, तीन वेळा थांबला. सुटायचा, थांबायचा. सुटायचा, थांबायचा. जणू तपासून बघत होता की आहे ना, गेलेला नाही ना.

काय राहिलं तेही नोंदवते. डावीकडे वळतो, उजवीकडे नाही. उताराच्या वर नेणाऱ्या स्की-लिफ्टवर नेलं नाही. त्याचं वजन पाहता पुढच्या वर्षी बघू. समोशातून रुळावर यायला अजून बराच वेळ आहे, आणि रुंद समोशाची सवय फार मुरली तर नंतर ती मोडावी लागते. हे माझ्या पद्धतीचं नुकसान आहे आणि मला मान्य आहे.

शेवटच्या दुपारी हॉटेलकडे परत जाताना स्लेजवाले पुढे आले. थकलेलं पोरगं, जड बूट, लांबची वाट. बाबा म्हणाले, "बसतोस का, ओढत नेतील." चिकू स्लेजच्या भोवती एक फेरी मारून आला, वाकून खालून बघितलं, आणि स्लेजवाल्यालाच विचारलं, "भैया, इसका ब्रेक कहाँ है?"

त्याने आपल्या बुटाची टाच दाखवली.

चिकू चालत आला.